राजाचा उन्हाळा, जुनोन्याचा जलमहाल आणि आपल्या बोड्या

मंडळी, पोस्ट लांब आहे. दुपारी बाहेर निघायची सोय नाहीच, तेव्हा कूलरसमोर बसून वाचा.

मागच्या आठवड्यात दुपारी अडीचला लाइट गेली. कुरखेड्यात मे महिन्यात दुपारी लाइट जाणं ही काही बातमी नाही, मीही आता तिची बातमी करत नाही. घरासमोरच्या कडुनिंबाखाली खाट टाकून पडलो होतो. शेजारचा दहावीत गेलेला पोरगा जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "काका, लाइट नव्हती तेव्हा राजेलोक उन्हाळ्यात काय करत असतील? त्यांना तर सवय नसंल ना गरमीची."

मी हसलो, पण उत्तर मात्र लगेच देता आलं नाही. शिमला, महाबळेश्वर, पचमढी ही नावं तोंडावर आली. पण ती इंग्रजांची सोय. मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपुरातून फाइली बांधून पचमढीला जायचं. आपल्या चांद्याच्या गोंड राजांना कुठली पचमढी? त्यांचं राज्य वर्धा, वैनगंगा, इरई, झरपट या नद्यांच्या काठचं. इथला पारा 46-47 वर जातो आणि रात्रीही खाली यायला तयार नसतो. राजा असो की रंक, काढायचा तो उन्हाळा इथेच.

मग त्याला सांगितलं, चंद्रपूरजवळ जुनोना आहे, तिथं तलावाच्या काठावर राजाचा महाल आहे. तो म्हणाला, "जुनोना म्हणजे सफारीचं गेट ना?"

बरोबर आहे त्याचं. आज जुनोना म्हटलं की ताडोबाच्या बफरमधलं सफारीचं गेट, जिप्सी आणि वाघ. महालाची गोष्ट त्या जिप्सीच्या धुरळ्यात मागे पडली. म्हणून ही पोस्ट.

आधी राजाबद्दल थोडं. चांद्याच्या गोंड राजघराण्यातला खांडक्या बल्लाळशहा हा आपल्याकडच्या दंतकथांचा नायक. त्याची राजधानी वर्धेच्या काठावर, आजचं बल्लारपूर. तिथला किल्ला अजून उभा आहे. राजाच्या अंगावर गाठी होत्या, काही केल्या बऱ्या होत नव्हत्या. एकदा शिकारीला निघाला असता झरपटीच्या कोरड्या पात्रात त्याला एका खळग्यात पाणी दिसलं. प्याला, हातपाय धुतले, तोंड धुतलं. त्या रात्री कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली आणि सकाळी राणीने पाहिलं तर गाठी ओसरलेल्या. पुढं त्या जागी गाईच्या खुरांसारखे पाच खळगे सापडले, कितीही उपसलं तरी न आटणारे. तेच अचलेश्वर. मग कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला, ससा जिथून जिथून पळाला तिथून तटबंदी आखली आणि चांदा शहर वसलं. मेजर लुसी स्मिथ या इंग्रज सेटलमेंट अधिकाऱ्याने 1869 च्या अहवालात ही हकिकत नोंदवली. चंद्रपूरची माणसं ती आजही तशीच सांगतात.

सशाने कुत्र्याला पळवलं की नाही हा वाद मी घालत नाही. मला त्या कथेत दुसरीच गोष्ट दिसते. राजाला सोनं सापडलं नाही, शत्रूचं मुंडकं सापडलं नाही. त्याला सापडलं पाणी, तेही उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रात. ज्या मुलखाने आपल्या राजधानीच्या जन्माची कथा एका खळग्यातल्या पाण्यापासून सुरू केली, त्या मुलखाला पाण्याची किंमत किती कळत असेल ते बघा.

जुनोना हे गाव बल्लारपूरपासून ईशान्येला साधारण सहा मैलांवर, रानात. जुनी राजधानी बल्लारपूर आणि नवी राजधानी चांदा, दोन्हीपासून सकाळी घोड्यावर निघालं तर ऊन चढायच्या आत पोचता येईल अशा अंतरावर. 1870 च्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरमध्ये जुनोन्याची नोंद चार ओळींची आहे. उत्तम तलाव, काठावर जुन्या महालाचे अवशेष, मागच्या बाजूला चार मैल लांबीच्या भिंतीच्या खुणा, आणि पाण्यासाठी जमिनीखालून नेलेल्या नाल्यांची मोठी योजना. गॅझेटिअर लिहिणाऱ्याचा अंदाज असा की बल्लारपूर राजधानी होती तेव्हापासून जुनोन्याचा तिच्याशी संबंध असावा. लोक या वास्तूला जलमहाल म्हणतात. राजा उन्हाळ्यात इथं येऊन राहायचा, हे पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं.

चारच ओळी, पण त्यातल्या चारही गोष्टी एकत्र ठेवून बघा.

महाल तलावाच्या काठाला अगदी चिकटून. असं घर थंड का राहतं हे समजायला इंजिनिअर लागत नाही. आपल्या घरातला माठ बघा. पाणी झिरपतं, वारा लागतो, आतलं पाणी गार होतं. कूलरचंही तेच, खसाच्या ताटीतून वारा आत येतो. मोठ्या तलावावरून येणारा वारा महालात शिरताना तेच काम करतो, फक्त माठाच्या जागी अख्खा तलाव. वर दगड-चुन्याच्या जाड भिंती. त्या दिवसभराचं ऊन बाहेरच अडवतात, तापायला उशीर लावतात आणि तापेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. आपण आज सिमेंटचा स्लॅब टाकतो, वर टिनाचं शेड ठोकतो आणि मग दीड टनाचा एसी घेतो. चालायचंच.

भिंतीबद्दल माझा एक अंदाज सांगतो, अंदाज म्हणूनच घ्या. चार मैल म्हणजे साडेसहा किलोमीटर. एवढी भिंत महालाला कशाला लागते? तलाव, त्यामागचं रान आणि त्या रानातली शिकार, हे सगळं मिळून राजाचं राखीव आवार असावं. आजच्या भाषेत पार्क म्हणा. फुलांचे ताटवे आणि कारंजी असलेली बाग नव्हे, तर राखलेलं जंगल. तलावात येणारं पाणी रानातून येतं, रान राखलं तर पाणी गाळ न घेता येतं. भिंत शिकारीसाठी घातली असेल, पण फायदा तलावाचा झाला असणार.

आणि जमिनीखालचे नाले. मला या सगळ्यात जास्त भुरळ पडते ती यांची. महाल तर कोणताही राजा बांधतो. पण पाणी कुठून यावं, कसं फिरावं, कुठं जावं याची योजना जमिनीखाली, कुणालाही न दिसणारी! तिचा देखावा होत नाही. पाहुण्यांना दाखवून मिरवता येत नाही. तरी ती केली, कारण तिच्याशिवाय वरचा महाल म्हणजे उन्हात तापणारा दगडांचा ढीग.

पुढं चांदा शहरातही हीच पद्धत दिसते. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अचलेश्वर हे चार दरवाजे सगळ्यांना माहीत. पाच खिडक्याही चंद्रपूरकर बोटावर मोजून दाखवतात. पण त्याच शहरात रामाळा तलावाचं पाणी मातीच्या नळांनी जमिनीखालून वस्तीत नेलं होतं, हे किती जणांना माहीत आहे? परकोट दिसतो म्हणून त्याचं कौतुक. नळ दिसत नाहीत.

इथं थोडं बाहेरचं उदाहरण देतो, म्हणजे आपण एकटे नाही हे कळेल. अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, निजामशाहीचा फराहबाग आहे. अष्टकोनी दुमजली महाल आणि चहूबाजूंनी पाण्याचा मोठा चौकोनी हौद. मुर्तजा निजामशहाच्या काळात चंगीजखानाने काम सुरू केलं, न्यामतखानाने पुरं केलं. सुलतान बघायला आला, पसंत पडलं नाही, पाडायला लावलं! मग सलाबतखानाने पुन्हा उभारलं, ते 1583 मध्ये पूर्ण झालं. सुलतानाच्या लहरीची गोष्ट सगळे सांगतात, पण त्या हौदात लांबून खापरी नळांनी पाणी आणणाऱ्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. आज हौद कोरडा आहे. पाणी नसलेला जलमहाल बघायला मिळतो.

आपल्या नागपूरच्या भोसल्यांनीही बागा केल्या. महाराजबाग, तुळशीबाग, तेलंखेडी. महाराजबाग आज कृषी विद्यापीठाकडे आहे, तिथं प्राणिसंग्रहालय आहे, आपण शाळेच्या सहलीत वाघ बघितला तो तिथंच. म्हणजे राजाची बाग टिकायची असेल तर तिला नवं काम मिळावं लागतं. जुनोन्याच्या महालाला असं काम कधी मिळालं नाही. चांद्याचा शेवटचा राजा नीळकंठशहा. त्याचं राज्य 1751 मध्ये रघूजी भोसल्यांनी घेतलं आणि त्याला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. तो तिथंच वारला. ज्या किल्ल्यातून त्याचे पूर्वज उन्हाळा काढायला जुनोन्याला निघत असतील, त्याच किल्ल्यात. नागपूरकर राजांना जुनोन्याची गरज नव्हती. 1854 ला इंग्रज आले, त्यांना तर नव्हतीच.

महाल पडत गेला. तलाव मात्र राहिला. का राहिला? कारण तो लोकांच्या कामाचा होता. गुरं, भात, मासे, पाणी.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, जुनोना राहिला दीडशे किलोमीटर दूर, कुरखेड्याला त्याचं काय?

सांगतो. आपला मुलूख त्याच राज्यातला. 1982 च्या 26 ऑगस्टला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आपण सगळे चांदा जिल्ह्याचेच. आपल्या शेजारचं वैरागड तर अकबराच्या दरबारात ठाऊक होतं. अबुल फजलने आइन-ए-अकबरीत चांद्याच्या बाबाजी राजाचं एक हजार घोडदळ आणि चाळीस हजार पायदळ लिहिलं, आणि वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचाही उल्लेख केला. हिरे संपले. किल्ला आणि त्याचा खंदक आहे. पण त्या राजांनी आपल्याकडे हिऱ्यापेक्षा मोठी वस्तू ठेवली, ती म्हणजे तलाव बांधायची सवय.

हीरशहा राजाबद्दल असं सांगतात की त्याने फर्मान काढलं, जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाने भिजेल तेवढी जमीन इनाम. अशा इनामाला तुकूम म्हणत. चंद्रपुरातलं तुकूम आज फ्लॅटच्या जाहिरातीत दिसतं, त्या नावाचं मूळ हे. एका राजाने स्वतःच्या पैशाने शंभर तलाव बांधायचे म्हटले तर खजिना रिकामा होईल. त्याऐवजी त्याने सांगितलं, तू बांध, तू भिजव, तू खा. गावोगावी बोड्या आणि तलाव उभे राहिले. कोहळी समाजाने या कामात नाव काढलं. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांध कोलू पाटील कोहळींनी बांधला, आणि तो अजून भरतो. आपल्या बाजूला पळसगड, गेवर्धा, सोनसरी या जमीनदाऱ्या होत्या. त्यांच्या गावांतले तलावही याच सवयीतले.

जुनोन्याचा तलाव आणि तुमच्या गावची बोडी ही एकाच घरातली माणसं आहेत. एक राजवाड्यात राहिली, दुसरी शेतात.

तलावाला आपल्याकडे किती नेमके शब्द आहेत बघा. पाळ, म्हणजे बांध. पोट, म्हणजे तलावाचा आतला भाग. तुडूम, म्हणजे शेतात पाणी सोडायची जागा. सलंग, म्हणजे जास्तीचं पाणी आपोआप बाहेर जायची जागा. यातला एक जरी बिघडला तरी तलाव जातो. सलंग बुजली की पाळ फुटते. तुडूम फुटलं की पाणी दिवाळीपर्यंत टिकत नाही. पोटात गाळ आणि बेशरम वाढली की तलाव उथळ होतो, मासा जातो, मग ढिवरांची पोटं जातात.

1951 ला मालगुजारी आणि जमीनदारी गेली. जायलाच पाहिजे होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वेठबिगारीच्या गोष्टी मी आजोबांकडून ऐकल्यात. पण त्यासोबत तलाव सरकारजमा झाले. 'माजी मालगुजारी', म्हणून मामा तलाव. काल गाव ज्याची पाळ स्वतः बांधत होतं, तो तलाव उद्यापासून कागदावर सरकारचा. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारेकडे. गावाने हात काढला, सरकारने हात घातला नाही. निस्तार हक्काच्या पाण्यावर पाणीपट्टी द्यायची की नाही, यावर वाद सुरू झाला तो वेगळाच.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

आपल्या तालुक्यातल्या एका गावात (नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते एकटं गाव नाही) तलावाच्या 'सौंदर्यीकरणाचं' काम मंजूर झालं. मी बघायला गेलो. पाळीवर पेव्हर ब्लॉक बसवणं सुरू होतं. लोखंडी रेलिंग आलं होतं. बसायला सिमेंटचे बाक. एक चौकोनी ओटा, विचारलं तर कळलं, सेल्फी पॉइंट. पाळीवरचं जांभळाचं जुनं झाड तोडलेलं होतं, पेव्हरच्या रांगेत येत होतं म्हणून.

खाली एक म्हातारे ढिवरबुवा जाळं सुधरत बसले होते. त्यांना विचारलं, "बुवा, काम चांगलं होऊन राहिलं ना?"

"काम चांगलं आहे जी," ते म्हणाले. "पर तुडूम फुटला हाये तीन सालापासून. पानी ठयरतच नाही. आता बाकड्यावर बसून काय पाह्याचं, चिखल?"

मी संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी अंदाजपत्रक दाखवलं. त्यात तुडूम नव्हतं, सलंग नव्हती, गाळ नव्हता. ते म्हणाले, "ते दुसऱ्या हेडमध्ये येतं." मी विचारलं, त्या हेडमध्ये पैसे कधी येणार? ते म्हणाले, "प्रस्ताव पाठवला आहे." चहा मात्र पाजला, तो चांगला होता.

मला तेव्हा जुनोन्याच्या जमिनीखालच्या नाल्यांची आठवण झाली. पाचशे-एक वर्षांपूर्वीच्या राजाला, ज्याला लिहिता येत होतं की नाही कुणास ठाऊक, एवढं कळत होतं की आधी पाण्याची वाट करायची आणि मग काठावर बसायची जागा. आपण बसायची जागा आधी करतो, कारण तिचं उद्घाटन करता येतं. तुडुमाची फीत कोण कापणार? पाण्यात उतरावं लागतं.

चंद्रपूर शहराने हे भोगून पाहिलं आहे. लेंढारा, घुटकाळा, गौरी ही एकेकाळी तलावांची नावं होती. आज ती वस्तीची, चौकाची नावं आहेत. राहिला रामाळा, त्यातही गटाराचं पाणी शिरलं. 2021 मध्ये त्याच्यासाठी लोकांना उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा खोलीकरणाचं काम हललं. इको-प्रो या संस्थेच्या पोरांनी त्याआधी कुदळ-फावडं घेऊन परकोटाची सफाई केली होती, पंतप्रधानांनी मन की बातमध्ये त्याचा उल्लेख केला होता, तुम्हाला आठवत असेल. तटावरची झुडपं काढणाऱ्यांनाच पुढं तलावासाठी उपाशी बसावं लागलं, कारण भिंत वाचवली आणि पाणी गेलं तर शहराचं काय राहतं?

चंद्रपूर-बल्लारपूर रस्त्यावर विसापूरला आता मोठं बॉटनिकल गार्डन झालं आहे. मी विरोधात नाही. पोरांना झाडं बघायला मिळतील, चार लोकांना काम मिळेल. फक्त एवढंच वाटतं, की तिथून जवळच रानात एका राजाचं जुनं उद्यान पडलेलं आहे. तिथं तिकीट वाघाचं फाटतं. महालाकडे वळून बघणारा दहातला एक. त्या चार मैलांच्या भिंतीची मोजणी कुणीतरी नीट करावी, जमिनीखालचे नाले आज कुठं बुजलेत ते शोधावं, गोंडवाना विद्यापीठाच्या इतिहासाच्या आणि भूगोलाच्या पोरांना एक हिवाळा त्या कामाला लावावं. खर्च फार नाही. पेव्हर ब्लॉकच्या एका कामाएवढाही नाही.

पोराला मी हे सगळं सांगितलं, थोडक्यात. तो म्हणाला, "मंग काका, आपल्या गावची बोडी कोणी बांधली?" मला माहीत नव्हतं. पत्रकारितेत वीस वर्षं झाली, डिप्लोमा भिंतीवर टांगला आहे, सती नदीच्या पुरावर किती बातम्या केल्या मोजल्या नाहीत, आणि आपल्याच गावची बोडी कुणाची हे माहीत नाही! संध्याकाळी आईला विचारलं. तिने एका आडनावाचा उल्लेख केला, मग म्हणाली, "नक्की नाही बाबा, तुझ्या आजीला माहीत होतं."

तर मंडळी, एक काम करा. घरात जे कोणी सत्तरीच्या पुढचं असेल त्यांना विचारा, आपल्या गावचा तलाव कुणी बांधला, त्याचं नाव काय, तुडूम कुठं आहे, सलंग कोणत्या बाजूला आहे, शेवटचा गाळ कधी काढला. वहीत लिहून मला द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, त्यात हरवतं. बाजाराच्या दिवशी सकाळी मी बस स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर असतो. मृग लागायच्या आत जेवढ्या गावांचं होईल तेवढ्यांची यादी करतो. ज्या तलावांचं तुडूम फुटलं आहे त्यांची वेगळी यादी करून ग्रामसभेत मांडायची आहे, आणि त्या ढिवरबुवांना सोबत नेणार आहे. ते येतो म्हणालेत.